मनाच्या तळातली गाठ : न्यूनगंड ओळखायला शिकवणारे वाचन

“आडनाव काय?” हा प्रश्न तसा साधा आहे. बँकेत, नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याची खोली बघताना, कॉलेजच्या पहिल्या दिवशी तो कुणालाही विचारला जातो. बहुतेक लोक लगेच उत्तर देऊन मोकळे होतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत मात्र उत्तराआधी अर्ध्या सेकंदाचा खंड पडतो. समोरचा कोण असेल, आडनाव ऐकून त्याचा चेहरा बदलेल का, पुढचा प्रश्न गावाचा असेल की कोट्याचा, हे सगळे त्या अर्ध्या सेकंदात मनात येऊन जाते. कित्येकांना असा खंड पडतो हेही माहीत नसते. तोंडाने उत्तर दिले जाते, पण छातीत काहीतरी आखडते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या मनोरुग्णालयात कार्ल युंग नावाचा एक तरुण डॉक्टर नेमका असाच खंड मोजत होता. त्याच्या एका हातात सेकंद मोजणारे घड्याळ आणि समोर शंभरेक शब्दांची यादी असे. तो एकेक शब्द उच्चारायचा आणि ऐकणाऱ्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. बहुतेक शब्दांना उत्तर चटकन येई. काही शब्दांपाशी मात्र माणूस अडखळे, उगाच हसे किंवा तोच शब्द परत म्हणे. युंगच्या लक्षात आले की अडखळण्याच्या या जागा एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्यांच्या मुळाशी एखादे दुखणे असते, आणि त्याच्याभोवती आठवणी, भीती, लाज यांची गाठ बसलेली असते. या गाठीसाठी त्याने ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द रूढ केला. मराठीत आपण त्याला ‘गंड’ म्हणतो. गळ्याला गाठी येणाऱ्या आजाराला आपल्या आजीच्या पिढीत गंडमाळ म्हणत, त्यातलाच हा गंड.

मनाच्या वरच्या थराखाली काय चालते याचा शोध घेणाऱ्या शाखेला खोल मनाचे मानसशास्त्र म्हणतात. व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९), झुरिकचे युंग आणि पुन्हा व्हिएन्नाचेच आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) ही त्यातली तीन मोठी नावे. तिघांची पुढे भांडणे झाली, वाटा वेगळ्या झाल्या. पण एका गोष्टीवर तिघांचे एकमत होते. माणसाला स्वतःच्या मनातले जेवढे ठाऊक असते, त्याहून कितीतरी अधिक नेणिवेत असते. आणि आपण विसरलो असे ज्याला म्हणतो ते गेलेले नसते, ते आतून आपल्याला चालवत राहते.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण सरळ आहे. झोप न लागणे, सतत डोके दुखणे, घरात क्षुल्लक कारणाने हात उचलणे, दारू, हुशार मुलाने अचानक कॉलेज सोडणे यांच्यामागे पुष्कळदा अशी न ओळखलेली गाठ असते. चितळसर-मानपाड्याच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला दर आठवड्याला फी भरून समुपदेशकाकडे जाणे परवडतेच असे नाही, आणि परवडले तरी कामावरून सुट्टी कोण देणार? पुस्तक मात्र हाताशी येऊ शकते.

माझे मत विचाराल तर आपल्या वाचकांनी सुरुवात फ्रॉइडपासून करू नये, ॲडलरपासून करावी. फ्रॉइडकडे येणारे बरेच रुग्ण सुखवस्तू घरांतले होते. त्याची स्वप्नांची उकल वाचायला रंजक आहे, पण तिच्यातले बरेचसे पुढे सिद्ध झालेले नाही. ॲडलर आपल्या प्रश्नांच्या अधिक जवळ येतो, कारण ‘न्यूनगंड’ हा शब्द त्याच्याच विचारातून जगभर गेला.

ॲडलरचा जन्म व्हिएन्नाच्या एका उपनगरात ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी त्याला मुडदूस होता, पाय वाकडे, चालणे उशिरा. मोठा भाऊ उड्या मारायचा आणि हा बाकावर बसून बघायचा. धाकटा भाऊ अगदी लहानपणीच वारला. पुढे स्वतःला न्यूमोनिया झाला तेव्हा हा मुलगा काही वाचत नाही, असे डॉक्टर वडिलांना सांगत असल्याचे त्याने ऐकले. शाळेत गणितात मागे पडला, तर मास्तरांनी वडिलांना सल्ला दिला की याला जोडे शिवायच्या धंद्याला लावा. (आपल्याकडे मास्तर मुलाची जात बघून हा सल्ला देत, तिथे गणिताचे गुण बघून दिला, एवढाच फरक.) वडिलांनी ऐकले नाही. मुलाने गणित पक्के केले आणि पुढे डॉक्टर झाला.

त्याचे पहिले पुस्तक मनाविषयी नव्हतेच. ते १८९८ मध्ये आले आणि शिंपीकाम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्यावर होते: कोंदट खोल्या, लांबलेले तास, वाकलेली पाठ, छातीचे आजार. त्याचा दवाखाना व्हिएन्नातल्या करमणुकीच्या बागेजवळच्या साध्या वस्तीत होता. तिथे सर्कशीतले कसरतपटूही येत. अंगाने बळकट दिसणाऱ्या या लोकांपैकी काहीजण लहानपणी अशक्त होते आणि त्या अशक्तपणावर मात करण्यासाठीच कसरतीकडे वळले होते, हे त्याच्या ध्यानात आले. यातून त्याचा मुख्य विचार उभा राहिला. प्रत्येक मूल लहान, दुबळे, दुसऱ्यावर अवलंबून असेच जन्मते. त्यामुळे कमीपणाची भावना सर्वांमध्येच असते आणि तीच आपल्याला पुढे ढकलते. पण घरात सतत हिणवले गेले, शाळेत मागे बसवले गेले, शरीरात व्यंग असले, समाजाने तुच्छ लेखले, की ही भावना गाठ होऊन बसते. मग माणूस भरपाई करू लागतो. कुणी अभ्यासात झोकून देतो. कुणी प्रयत्नच सोडतो, म्हणजे हरण्याची भीती उरत नाही. कुणी मोठेपणाचे सोंग घेतो: कर्ज काढून थाटाचे लग्न, दुसऱ्याला घालून पाडून बोलणे, घरात बायको-मुलांवर हुकमत. या सोंगाला अहंगंड म्हणतात. ॲडलरच्या मते बहुतेक अहंगंडाच्या पोटात न्यूनगंडच असतो.

एवढे एकच सूत्र नीट समजले तरी वस्तीतली अर्धी भांडणे वेगळी दिसू लागतात.

ॲडलरची दुसरी उपयोगाची गोष्ट म्हणजे पहिल्या आठवणी. तो रुग्णाला सर्वांत जुनी आठवण विचारी. ती खरी किती याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते; हजारो प्रसंगांतून मनाने हाच का जपला, हे तो बघे. याचे नवल वाटेल असे उदाहरण त्याच्या स्वतःच्याच आयुष्यात आहे. शाळेच्या वाटेवर एक स्मशान होते, तिथून जाताना आपल्याला भीती वाटे, म्हणून एक दिवस आपण त्यातून पुन्हापुन्हा पळत गेलो आणि भीती मोडली, अशी त्याची पक्की आठवण होती. मोठेपणी शाळेतला एक सोबती भेटला. त्याने सांगितले, त्या वाटेवर स्मशान कधी नव्हतेच. मरणाच्या भीतीला हरवायचे होते, म्हणून मनाने स्मशान रचले होते.

आता आपल्याकडे येऊ. मे १९३६ मध्ये दादरला मुंबई इलाखा महार परिषद भरली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेले भाषण बाबासाहेबांनी तिथे मराठीत केले. त्यात त्यांनी माणसाला लागणारी तीन बळे सांगितली: मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. पहिल्या दोन बळांचा हिशेब सगळे पुढारी मांडतात. तिसऱ्याचा हिशेब बाबासाहेबांनी मांडला. शेकडो वर्षे अपमान मुकाट्याने सोसल्यामुळे उलट उत्तर देण्याची सवयच गेली, उमेद आणि आत्मविश्वास आटला, असे त्यांचे निदान होते. पुढे ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या इंग्रजी लेखात त्यांनी न्यूनगंड हाच शब्द वापरला. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात हा लेख आहे. एकटे पाडणे, भेदभाव आणि भोवतालचे वैर यांतून अस्पृश्यांमध्ये असहायता आली, त्यातून न्यूनगंड तयार झाला आणि स्वतःसाठी ठामपणे उभे राहण्याची ताकद गेली, असे ते तिथे म्हणतात.

येथे थोडे थांबून फरक बघा. ॲडलर न्यूनगंडाचे मूळ प्रामुख्याने घर आणि बालपण यांत शोधतो. बाबासाहेब ते समाजरचनेत दाखवतात. गाठ आपल्या मनात आहे हे खरे, पण ती आपण बांधलेली नाही. हा फरक समजला नाही तर हेच वाचन उलटते. “माझ्यात न्यूनगंड आहे” हे वाक्य “माझ्यातच खोट आहे” असे होऊन बसते, आणि न्यूनगंडाला आणखी एक खत मिळते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान काळ्या मुलांपुढे काळी आणि गोरी बाहुली ठेवली. चांगली कोणती, हे विचारल्यावर बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली दाखवली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या वेगळेपणाने मुलांच्या मनात कमीपणाची भावना निर्माण होते, हे कारण निकालात दिले. त्याआधी दोनच वर्षे, १९५२ मध्ये, फ्रान्झ फॅनन या मार्तिनिक बेटावरच्या काळ्या मनोविकारतज्ज्ञाने फ्रॉइड आणि ॲडलर दोघांशी वाद घालणारे पुस्तक लिहिले होते. काळ्या माणसाचा न्यूनगंड एकट्या घरातल्या आईबापांवरून समजणार नाही, त्यासाठी गोऱ्यांची सत्ता बघावी लागेल, असे त्याने मांडले. ॲडलर वाचणाऱ्याने फॅनन आणि बाबासाहेब सोबत ठेवावेत, ते याचसाठी. युंग वाचतानाही सावध राहावे. वसाहतींतल्या लोकांना ‘आदिम’ समजणारी विधाने त्याच्या लेखनात आहेत.

आणि काही वेळा दुखण्याचे कारण आजही बाहेर जिवंत उभे असते. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. त्यानंतर त्यांच्या आईने आणि रोहित वेमुलाच्या आईने मिळून उच्च शिक्षणसंस्थांमधल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. वसतिगृहात रोज टोमणे खाणाऱ्या मुलीला “मन खंबीर कर, पुस्तक वाच” एवढेच सांगणे हा अन्याय आहे. तिला तक्रार करायला सोबत लागते, वकील लागतो, घरच्यांचा शब्द लागतो.

मराठीत खोल मनाचे वाचन करायचे तर परदेशी नावांपाशीच जायला हवे असेही नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्यात लेखक दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी दोन माणसे समोरासमोर येतात. एक शिकलेला, पांढरपेशा जगात वावरणारा. दुसरा गाव आणि कावाखाना अंगावर वागवणारा. दोघे एकच आहेत. आपण नाव, भाषा, कपडे बदलून पुढे आलो तरी मागे टाकलेला दगडू जात नाही. युंगने माणसाच्या अशा लपवलेल्या बाजूला ‘छाया’ म्हटले. ती नाकारली की ती आडवाटेने बाहेर येते. म्हातारी आई गावाकडच्या बोलीत बोलू लागली की सुशिक्षित मुलगा चारचौघांत तिच्यावर खेकसतो, तसे. पवारांनी दगडूला समोर बसवून बोलू दिले. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या पुस्तकाच्या नावातच आतल्या स्फोटाची गोष्ट आहे. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ बाईच्या बाजूने तेच काम करते. आपल्या घरातल्या मुलींनी ते जरूर वाचावे.

पाली साहित्यातही या विषयाला एक जागा आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मनाच्या तळाशी सुप्त राहणाऱ्या सात प्रवृत्ती तिथे सांगितल्या आहेत, त्यांना ‘अनुसय’ म्हणतात. त्यातली एक म्हणजे ‘मान’. आपण मान म्हणजे गर्व समजतो. पण तिथे मानाचे तीन प्रकार येतात: मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे आणि मी हीन आहे. स्वतःला हीन मानणे हासुद्धा मानाचाच प्रकार धरला आहे, कारण तिन्हींत माणूस सतत स्वतःला दुसऱ्याशी मापत असतो. न्यूनगंड आणि अहंगंड ही एकाच गाठीची दोन तोंडे आहेत, हे ॲडलरचे म्हणणे आपल्याला म्हणूनच परके वाटू नये.

आता प्रत्यक्ष बदल कसा होतो ते सांगतो. पुस्तक वाचून कुणी दुसऱ्या दिवशी नवा माणूस होत नाही. समजा, साइटवर मुकादमाने सर्वांदेखत शिवी दिली. माणूस गप्प राहिला. संध्याकाळी घरी भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावले. बायकोने मुलाला रट्टा दिला. मुलाने धाकट्या बहिणीला ढकलले. फ्रॉइड आणि त्याची मुलगी ॲना यांनी मनाच्या बचावाच्या ज्या युक्त्या सांगितल्या त्यातली ही एक आहे. राग जिथला तिथे काढता येत नाही, म्हणून तो दुबळ्यावर निघतो. हे ज्याने वाचले आहे त्याला पहिल्या वेळी दोन दिवसांनी कळते, अरे, ते मिठाचे नव्हते, मुकादमाचे होते. पुढच्या वेळी तासाभरात कळते. काही महिन्यांनी कधीतरी ताट हातात असतानाच कळते, आणि ताट खाली ठेवले जाते. खोल मनाच्या वाचनाने आयुष्य बदलते म्हणजे हे अंतर कमी होते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या बाईला वेगळा कप दिला जातो, तेव्हा खाली मान घालण्याऐवजी “ही लाज माझी नाही, कप वेगळा ठेवणाऱ्याची आहे” असे तिच्या मनात स्पष्ट उमटणे, हाही तोच बदल. ती काम सोडेल की नाही हा पगाराचा प्रश्न आहे. पण रात्री तिची झोप उडणार नाही.

एक इशारा. हे शब्द शिकल्यावर ते दुसऱ्यावर फेकण्याचा मोह होतो. सुनेला “तुला न्यूनगंड आहे” म्हणणारी सासू आणि कार्यकर्त्याला “तुझा अहंगंड” म्हणून गप्प करणारा अध्यक्ष, दोघेही मी पाहिले आहेत. ही जुन्या शिवीची नवी आवृत्ती झाली. हे वाचन स्वतःवर लावायचे असते.

वाचनाची मर्यादाही लक्षात घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, कानात आवाज येत असतील, दारूशिवाय हात थरथरत असतील, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन नंबर आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ‘वेड्यांचे हॉस्पिटल’ या नावाच्या धाकाने लोक तिकडे फिरकत नाहीत, पण तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येते. नैराश्यावरची गोळी घेणे म्हणजे वेड लागणे नव्हे. मधुमेहाची गोळी घेतो तशीच ती.

कुठून सुरुवात करावी? अच्युत गोडबोले यांचे ‘मनात’ हे मराठी पुस्तक जाडजूड आहे, पण फ्रॉइड, युंग, ॲडलर यांची ओळख त्यात सोप्या भाषेत होते. तेवढीच प्रकरणे आधी वाचली तरी चालतील. विकत घेणे जमत नसेल तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आपल्या शहरात उभे आहे. ‘मुक्ती कोन पथे?’ ची छोटी पुस्तिका ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर अगदी थोड्या पैशांत मिळते. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालतेच. त्याला जोडून आठवड्यातून एक दिवस अर्धा तास ‘बलुतं’ किंवा ‘आयदान’मधली चार पाने मोठ्याने वाचावीत. वाचून झाल्यावर ज्याला बोलावेसे वाटेल त्याने आपली सर्वांत जुनी आठवण सांगावी, बाकीच्यांनी सल्ला न देता ऐकावी. बायकांची बैठक वेगळी ठेवली तर त्या अधिक मोकळेपणी बोलतात. ज्यांना लिहिता येते त्यांनी वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही घरात कुणी उघडणार नाही अशा जागी ठेवावी.